मारोतरावांचा हुंकार

शांताबाई वहिनी, तांड्यावरून आलेल्या जमनायाडी, आणि एवढ्या उन्हात कामधंदा सोडून इथं बसलेल्या सगळ्या मंडळींनो,

मी बोलणारा माणूस नाही. वारंगा फाट्यावर माझं रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आयुष्यभर मी माइक दुरुस्त केले, माइकवर बोललो कधीच नाही. बोलायचं काम मारोतरावांचं. आज ते नाहीत म्हणून माझ्यावर ही वेळ आली. सांभाळून घ्या.

आधी एक दुरुस्ती. मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं की मारोतरावांनी कळमनुरीच्या बाजारात पंचवीस-तीस वर्षं जीपवर भोंगा लावून पुकारे केले. पंचवीस-तीस नाही. एकतीस वर्षं. आणि पहिली दोन वर्षं जीप नव्हती, सायकल होती. कॅरियरवर बॅटरी, दांड्याला भोंगा. ती बॅटरी मी चार्ज करून द्यायचो. तेव्हापासूनची ओळख. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल ढोबळ बोलू नये, एवढंच माझं म्हणणं.

मंडळी, मला आज तुम्हाला एक निकाल सांगायचा आहे. तो आधी मारोतरावांना सांगायला पाहिजे होता. राहून गेलं. आम्ही दोघांनी मिळून मोबाइलवरचा एक गेम तयार केला, हे तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे, आणि निम्म्यांना ते रिकामटेकडं काम वाटतं. त्या गेममध्ये मारोतरावांचा आवाज राहणार की पुसला जाणार, याचा तो निकाल. तो सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पण क्रमानं सांगतो. क्रम चुकला की मला सुचत नाही.

मी बारावी नापास आहे. गणितात नाही, इंग्रजीत. कॉलेजची पायरी चढलो नाही. प्रोग्रॅमिंग शिकलो ते दुरुस्तीला आलेल्या आणि कुणी परत न्यायला न आलेल्या कॉम्प्युटरवर. कुणाच्या हाताखाली बसलो नाही, कुणाला फुकट विचारलं नाही. सहा वर्षं लागली. हे मी अभिमानानं सांगतो, आणि मारोतराव असते तर मागून म्हणाले असते, "झालं का तुझं? का अजून हाय?"

तर गेम. त्याचं नाव ‘मिठाची वाट’. आपल्या तांड्यांवरच्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. आमच्या गेममध्ये तुम्ही तसे एक वाहतूकदार होता. तुमचे बारा बैल. गावात शिरलात की लोक भेटतात, आपली हकीकत सांगतात, मीठ मागतात, भांडतात, फसवतात. तुम्ही काय उत्तर द्यायचं, कुणाला काय द्यायचं, ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही ठरवाल तशी पुढची गोष्ट बदलते. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या वहाणा घालून चालायचं, पण पाय आपलेच.

या गेममधल्या गोष्टी जमनायाडींच्या. तांड्यात आईला याडी म्हणतात. त्या माझ्या आई नव्हेत, पण त्यांना दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्या आजोबांनी बैल हाकलेले. त्या समोर बसल्या आहेत. काही चुकलं तर त्या इथंच बोलतील.

आता प्रश्न असा आला की गेममधल्या नायकाला, म्हणजे जो खेळाडू स्वतः असतो त्याला, आवाज द्यायचा की नाही? गावातली बाकीची माणसं बोलणारच. मीठ मागणाऱ्या विधवेचा आवाज शांताबाई वहिनींनी दिला आहे. पण नायक? तुम्ही पडद्यावर तीन उत्तरांपैकी एक निवडलं, तर ते नायकानं तोंडानं बोलून दाखवावं, की मुकाट राहावं? या प्रश्नावर जगभरात गेम करणारे आणि खेळणारे भांडतात. मी खूप वाचलं. काही म्हणतात, आवाज दिला की नायक जिवंत होतो, गोष्टीला वजन येतं. काही म्हणतात, आवाज दिला की तो माणूस दुसऱ्या कुणाचा तरी होतो, खेळाडू नुसता बघ्या राहतो.

मी ठरवलं होतं की आवाज द्यायचा. कारण माझ्याकडे मारोतराव होते.

आणि मारोतरावांनाही ते हवं होतं. का हवं होतं, ते सांगतो. अलीकडे भोंग्याचं काम कसं झालंय, तुम्ही बघताच. दुकानदार एकदा मोबाइलमध्ये रेकॉर्ड करतो आणि तेच दिवसभर वाजवतो. आता तर कॉम्प्युटरच बोलतो, माणूस लागतच नाही. एका दुपारी मारोतराव माझ्या दुकानात आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "दिगांबर, एकतीस वर्षं बोललो. एक शब्द कुठं शिल्लक हाय का रे? समदं हवेत गेलं."

मी म्हणालो, "गेममध्ये बोला. तिथं राहील."

"राहील म्हणजे? मी मेल्यावर?"

"मेल्यावरसुद्धा."

"मंग कधी सुरू करायचं?"

मंडळी, त्या माणसाला दुसरं काही नको होतं. बोललेलं कुठंतरी राहावं, एवढंच.

फाट्यावर रेकॉर्डिंग होईना. ट्रकचे हॉर्न. म्हणून मारोतरावांच्या घरातली मधली खोली घेतली. वहिनींनी घरातल्या सगळ्या वाकळा भिंतींना टांगून दिल्या. एकूण चौदा वाकळा. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मारोतराव बोलायचे. सात आठवडे. एक हजार तीनशे बारा वाक्यं.

आणि मी त्यांना छळलं. हे मान्य करतो. एकेक वाक्य मी अकरा-अकरा वेळा बोलून घेतलं. कारण मारोतरावांची एक अडचण होती. एकतीस वर्षं भोंग्यावर बोललेला माणूस. नायकाचा लाडका बैल मरतो असा एक प्रसंग आहे. तिथं हळू आवाजात म्हणायचं होतं, "गेला रे माझा सर्जा." मारोतराव असे बोलले की बाजारात नव्या कापडाचा सेल लागला आहे.

मी म्हणालो, "मारोतराव, बैल मेलाय."

"मालूम हाय."

"मग रडवेलं बोला."

"रडवेलंच बोललो की! तुझ्या मशीनमधे काही खराबी हाय."

मशीनमध्ये काहीही खराबी नव्हती. मशीन मी स्वतः तपासलं होतं.

सात आठवड्यांनी सगळं जुळवलं आणि पहिल्यांदा खेळायला दिलं ते जमनायाडींना. गोष्टी त्यांच्या, मग पहिला मान त्यांचा. तांड्यावर लिंबाखाली खाट टाकली होती. मी एका बाजूला, मारोतराव दुसऱ्या बाजूला. याडींना वाचता येतं, पण अक्षरावर बोट ठेवून. चष्मा लावला, मोबाइल धरला, बैल हाकायला लागल्या. बैलांना प्रत्यक्ष हाका मारायला लागल्या! मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग ती विधवा आली. तिच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही आणि ती मीठ मागते. खाली तीन उत्तरं येतात. याडींनी बोट ठेवून तिन्ही वाचली आणि मधलं निवडलं: "आता नाही, पुढच्या खेपेला देतो." आणि मोबाइलमधून मारोतराव गरजले, "आता नाही! पुढच्या खेपेला देतो!"

याडींनी मोबाइल खाटेवर ठेवला. चष्मा काढला.

"काय झालं, याडी?"

"मी अशी बोलले न्हाई."

"तुम्हीच तर निवडलं ते उत्तर."

"निवडलं म्या. पर मी तिला मायेनं सांगून राहिले व्हते, की माय, आज गोणी मोजकी हाय, फुडल्या बारीला आणते. ह्यो बाबा तिच्या अंगावर वरडला. मी काहून वरडू गरीब बाईवर?"

मी म्हणालो, "ठीक आहे, पुढं चला, पुढच्या ठिकाणी हळू आहे."

त्या म्हणाल्या, "फुडं ह्यो मारोतीच जाईल. मी कुठं हाय ह्याच्यात? माझ्या तोंडात ह्याची जीभ काहून बसवली तुमी?"

मंडळी, मी गेमबद्दल पुष्कळ वाचलं होतं, पण इतकं नेमकं कुठं वाचलं नव्हतं. मला एका क्षणात पटलं. आणि मी एक चूक केली. पटलेलं मी लगेच बोललो. मारोतरावांच्या समोर, तांड्यावरच्या वीस माणसांसमोर म्हणालो, "बरोबर आहे. नायक मुकाच पाहिजे. आवाज काढून टाकतो."

मारोतरावांचा चेहरा मी बघितला नाही. मी मोबाइलकडे बघत होतो. ही माझी सवय.

"मुका?" ते म्हणाले. "सात आठवडे टकुऱ्यावर ओला टावेल घेऊन बसलो, आन् आता मुका?"

"गेमच्या भल्यासाठी आहे, मारोतराव."

"गेमचं भलं तू बघ, इंजिनेर साहेब. मला बाजार हाय." आणि ते उठून गेले. जीपपर्यंत एकदाही मागं वळले नाहीत. ‘इंजिनेर साहेब’ ते मला फक्त दोन वेळा म्हणाले. एकदा चेष्टेत, आणि एकदा त्या दिवशी.

पाच आठवडे बोलणं नाही. मी नायक मुका केला. पुन्हा तांड्यावर गेलो, एकटाच. याडींनी खेळायला घेतलं. आता विधवा बोलते, याडी उत्तर निवडतात, आणि पडद्यावर शांतता. पुन्हा विधवा बोलते, पुन्हा शांतता. मला वाटलं, आता काय अडचण असणार? दहा मिनिटांत याडींनी मोबाइल परत दिला.

"ही बाई कुणाशी बोलून राहिली?"

"तुमच्याशी."

"मी तर मेल्यावानी गप. कुणी गप बसल्यावर आपल्या घरची गोष्ट सांगतं का कुणी?"

दोन्ही वेळा नापास. सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? आवाज दिला तर याडी म्हणतात ही मी नव्हे. नाही दिला तर म्हणतात मी मेले. मी दुकानात बसून दोन्ही बाजूंचं पुन्हा वाचून काढलं. कुठंच उत्तर नव्हतं. उत्तर बाजारात जीपवर बसलं होतं आणि माझ्याशी बोलत नव्हतं.

शेवटी वहिनींनी मध्यस्थी केली. मला निरोप पाठवला: "भाऊजी, ह्यांना तांड्यावर घेऊन जा. याडीनं दोघांना बोलावलंय. न्हाई आले तर ती इथं येईल, आन् ती आली तर चार दिवस जात न्हाई."

गेलो. दोघं एकाच जीपमध्ये, ते चालवत आणि मी मोबाइलकडे बघत. याडींनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मी गोष्ट सांगते. आजाच्या मिठाची. तुमच्या यंत्रात न्हाई आलेली. ऐका."

आणि सांगायला लागल्या. मी ऐकत होतो. लक्ष देऊन, टिपणवही काढून, एक शब्द न बोलता. माझी ऐकायची तीच पद्धत. थोड्या वेळानं याडी थांबल्या. मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मारोतरावांकडे बघत होत्या.

मारोतराव म्हणाले, "हंऽ."

याडी पुढं निघाल्या. बैल नदीत उतरले. "हं." पाणी वाढलं. "हंऽऽ?" एक गोणी सुटली. "अग्गं!" मिठाची गोणी पाण्यात गेली म्हणजे काय राहणार? याडी पुन्हा थांबल्या. मारोतरावांनी नुसता श्वास सोडला. हलकासा. हुं. आणि याडींच्या डोळ्यांत पाणी.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं, त्यांना मी काय सांगतोय ते कळलं असेल. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. हुंकार देणारा नसेल तर सांगणारा गोष्ट पुढं नेत नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी दिलेत. हुंकार देणारा गोष्ट सांगत नाही. गोष्टीत आपलं घोडं दामटत नाही. पण तो मुकाही नसतो. त्याच्या हुंकारावर गोष्ट चालते.

हे मला सुचलं, असं मी आज इथं सांगू शकतो. विरोध करायला मारोतराव नाहीत. पण मी खोटं नोंदवत नाही. मला सुचलं नाही. मी टिपणवहीत नदीचं नाव लिहीत होतो. सुचलं मारोतरावांना. गोष्ट संपली आणि ते माझ्याकडे वळून पाच आठवड्यांत पहिल्यांदा बोलले.

"दिगांबर, आपलं दोघांचंबी चुकलं."

"काय चुकलं?"

"तू म्हणतो खेळणारा मुका पायजे. मी म्हणतो बोलका पायजे. अरे, खेळणारा गोष्ट सांगत न्हाई ना! त्यो ऐकून राहिला. त्याला हुंकार दे. बाकी समदं त्याच्या मनात राहू दे."

मी म्हणालो, "आणि तुमची तेराशे बारा वाक्यं?"

त्यांनी माझी टिपणवही मिटली. मग म्हणाले, "पुसून टाक. पर तू नको पुसू. मी पुसतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मी फाईल उघडून दिली. कुठलं बटण, ते दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं. यंत्र विचारतं, खरंच पुसायचं का? त्यावर "व्हय रे बाबा" म्हणाले आणि पुन्हा दाबलं. मला विचारलं, "गेलं?" मी म्हणालो, "गेलं." म्हणाले, "चहा सांग."

मंडळी, बोललेलं कुठंतरी राहावं म्हणून जो माणूस माझ्याकडे आला होता, त्या माणसानं हे केलं. मी आयुष्यात यापेक्षा मोठं काम बघितलेलं नाही.

मग पुन्हा वाकळा टांगल्या. पण आता नवीच पंचाईत. मी म्हणालो, "मारोतराव, संशयाचा हुंकार द्या." ते माइकसमोर बसले, तोंड उघडलं, बंद केलं. "येत न्हाई." दुःखाचा द्या. "येत न्हाई." का येत नाही?

"कोरडा हुंकार कसा येईल? समोर कुणी सांगाया नको का?"

बरोबर होतं. म्हणून जमनायाडींना आणलं. त्या चार दिवस राहिल्या, वहिनींचं भाकीत बरोबर निघालं. याडींना खिडकीच्या बाहेर बसवलं, म्हणजे त्यांचा आवाज माइकमध्ये येणार नाही. आत मारोतराव. बाहेरून याडी गोष्ट सांगताहेत, आतून मारोतराव हुंकार देताहेत, मध्ये मी कानाला हेडफोन लावून. एकही हुंकार मी दुसऱ्यांदा द्यायला लावला नाही. लावताच येत नव्हतं. याडी एकच गोष्ट दोनदा तशीच सांगत नाहीत.

त्या हुंकारांत भोंगा कुठंच नव्हता. मला आश्चर्य वाटलं. वाटायला नको होतं. बाजारात लेकरू हरवलं की मारोतराव काय करायचे, आठवा. लगेच पुकारा करायचे नाहीत. आधी लेकराला जीपमध्ये मांडीवर घ्यायचे आणि विचारायचे, "तुला घरी माय काय म्हणून हाक मारते?" लेकरू हुंदके देत सांगायचं. सांगू द्यायचे. "हं. हं. मंग?" आणि मग भोंग्यावर शाळेतलं नाव नाही, ते घरचं नाव पुकारायचे. "गोट्याची माय, गोट्या इथं हाय." आपण सगळे त्यांना बोलणारा माणूस समजत होतो. पण पुकाऱ्याच्या आधी ते ऐकत होते. एकतीस वर्षं ऐकत होते.

एकशे नऊ हुंकार रेकॉर्ड झाले. मी बेचाळीस ठेवले. होकाराचा वेगळा, मनातून पटलं नाही पण वाद नको असा वेगळा. भ्यालेला. लाजलेला. पुढं काय झालं असा. आणि एक असा की ज्याला मी अजून नाव देऊ शकलो नाही. त्या फाईलला मी नुसता आकडा दिला आहे, सतरा.

पुन्हा लिंबाखाली खाट. पुन्हा तीच विधवा. शांताबाई वहिनींचा आवाज: "दादा, घरात चार दिवस आळणी शिजून राहिलंय." मध्ये मारोतरावांचा हुंकार, हळू. विधवा पुढं सांगते. पुन्हा हुंकार. मग तीन उत्तरं आली. याडींनी बोट ठेवून वाचली. वेळ घेतला. पहिलं निवडलं. आणि मंडळी, पडद्यावरचा नायक एक शब्दही बोलला नाही, त्यानं फक्त श्वास सोडला, तेवढ्यात जमनायाडी स्वतः, मोठ्यानं, त्या मोबाइलला म्हणाल्या:

"घे माय. घे. पदर पुढं कर."

बोललं कोण? मी नाही. मारोतराव नाही. कॉम्प्युटर नाही. खेळणारी बाई बोलली! जगातल्या भांडणाऱ्यांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या एका तांड्यावर लिंबाखाली मिळालं. नायकाला आवाज द्यावा का? द्यावा. इतकाच द्यावा की खेळणाऱ्याला स्वतःचा फुटेल!

मी घाबरत विचारलं, "याडी, आवाज तर मारोतरावांचाच आहे. बुवाचा आहे. चाललं तुम्हाला?"

"हुंकाराला बाई काय आन् बुवा काय? मी मनात दिला, त्यानं तोंडानं दिला."

मारोतराव त्या दिवशी परत येताना जीप चालवत नव्हते, उडवत होते. शिरड शहापूरला कुणाचा तरी पुकारा करायला जायचं होतं, तिथं माझ्यासमोर त्यांनी त्या पुकाऱ्यात आमच्या गेमची जाहिरात घुसडली. ज्यानं काम दिलं होतं तो चिडला. मारोतराव त्याला म्हणाले, "तुझं समदं सांगितलं ना? वरचं माझ्या पदरचं."

आता निकालाकडे येतो.

गेम लोकांच्या हाती गेला. लोकांना आवडला. मग मोठ्या शहरातल्या एका कंपनीचा फोन आला. गेम पाच भाषांत काढायचा म्हणाले. एकच अट. नायकाचे हे हुंकार काढायचे आणि प्रत्येक भाषेत नावाजलेला कलाकार घेऊन पूर्ण आवाज द्यायचा. लोकांना भारदस्त नायक लागतो म्हणाले. पंधरा दिवसांत कळवा.

मी मारोतरावांना सांगायला गेलो. तेव्हा त्यांना चालताना दम लागत होता. ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. हुंकार देत देत ऐकलं. मग म्हणाले, "पाच भाषांत?"

"पाच."

"तर मंग दे. सहा वर्षं तू घासली. माझी तकलीफ घेऊ नको. हवेतलं हवेत गेलं, काय बिघडलं?"

मी त्यांना तिथंच ‘नाही’ म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो नाही. म्हणालो, "विचार करतो." मला आकडे मांडल्याशिवाय, उलटसुलट तपासल्याशिवाय बोलता येत नाही. मी तपासत बसलो. आणि नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असताना मारोतराव गेले. माझं उत्तर न ऐकता गेले. ही बोच माझी आहे, ती मी कुणाला वाटून देणार नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं. लिहिलं की नायकाचे हुंकार निघणार नाहीत. एकही नाही. हवं तर गेम नेऊ नका. आणि लिहिलं की माझ्याशी वाद घालण्याआधी एक करून बघा. तुमच्याकडच्या मराठी न येणाऱ्या दहा माणसांना खेळायला द्या, बाकीचं बोलणं पडद्यावर त्यांच्या भाषेत लिहून दाखवा, आणि नायक काय म्हणाला, ते विचारा.

काल दुपारी उत्तर आलं. दहा नाही, त्यांनी चौदा जणांना दिलं. कुणी तमिळ, कुणी बंगाली. नायक काय म्हणाला, हे एकालाही विचारावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं. आणि त्यांतले तिघं विधवेच्या प्रसंगात आपापल्या भाषेत मोबाइलशी मोठ्यानं बोलले! कंपनीनं लिहिलं आहे: गावातल्या बाकी सगळ्या माणसांचे आवाज भाषेप्रमाणे बदलतील. शांताबाई वहिनी, तुमचाही बदलेल, त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. पण नायकाचा आवाज पाचही भाषांत एकच राहील. बेचाळीसच्या बेचाळीस. नायकाचा आवाज म्हणून पहिल्या पडद्यावर नाव येईल, त्याखाली गाव येईल, आणि ते मी स्वतः तपासून देणार आहे, म्हणजे काना-मात्रेची चूक होणार नाही.

मंडळी, हरलो असं समजून आपण इथं बसलो आहोत. आपण हरलेलो नाही! भोंग्याची जीप बंद पडली, पुकारे यंत्रानं घेतले, ते सगळं खरं. पण आता कुठंतरी लांब, ज्या गावाचं नाव मला वाचता येणार नाही अशा गावात, कुणीतरी परकी बाई आपली दुःखाची गोष्ट सांगेल, आणि तिला हुंकार देईल तो कळमनुरीच्या बाजारातला आमचा मारोती. तो हुंकार दिल्याशिवाय तिथली गोष्ट पुढं जाणार नाही.

मारोतराव, तुम्ही विचारलं होतं, एक शब्द तरी शिल्लक आहे का. शब्द एकही ठेवला नाही तुम्ही. सगळे आपल्या हातानं पुसलेत. आणि आवाज राहिला. तुम्ही होतात ते नऊ दिवस मी तपासण्यात घालवले, म्हणून हे सांगायला उशीर झाला. ऐकून घ्या. रामराम घ्या माझा.

आता सगळ्यांनी उभं राहू या. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. दोन मिनिटं. घड्याळ मी लावतो आहे. पूर्ण दोन मिनिटं, लवकर कुणी हलू नये. मोबाइल बंद करा.

सुरू.